माळेतली जास्तीची पुडी

"आमच्या घरात कुणीतरी गुपचूप काहीतरी करतंय," ती मुलगी म्हणाली.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "काय चोरलं?"

"चोरलं काहीच नाही. ठेवून जातंय."

खिडकीशी बसलेला पैलवान फिसकन हसला. पैलवान हा बाईंचा भाचा. दंड भरदार, डोकं सावकाश. बाई खासगी तपासाची कामं घेत, आणि पैलवान त्यांच्याबरोबर हिंडून चुकीचे अंदाज बांधत असे. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. हसू थांबलं.

मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल. घरी तिला मुंगी म्हणत. तिची आई जहाजावर स्वयंपाकी होती. आई कामावर निघाली तेव्हा मुंगीने आणि तिच्या आत्याने मिळून एक माळ केली होती. दोरीला ओळीने टांगलेल्या कागदाच्या पुड्या, प्रत्येकीवर मुंगीने काढलेलं चित्र, आणि आत एकेक खाऊ. कुठे आल्याचं बिस्किट, कुठे चॉकलेटची वडी, कुठे साखरेत मुरवलेली संत्र्याची साल. रोज संध्याकाळी एक पुडी सोडायची. शेवटची सुटली की दुसऱ्या दिवशी आई दारात.

"पण माळ संपतच नाही," मुंगी म्हणाली. "मी एक सोडते, आणि मधेच कधीतरी एक वाढलेली असते."

"मोजताना चुकत असशील," पैलवान म्हणाला.

मुंगीने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि दप्तरातून दोन पुड्या काढल्या. दोन्हींवर तीच छत्री. "मी एक चित्र दोनदा कशाला काढीन?"

बाईंना ती मुलगी आवडली. त्यांनी दोन्ही पुड्या सोडल्या. दोन्हींत संत्र्याची साल निघाली. सुरीने त्यांनी एकेकीचे दोन तुकडे केले. एक साल जाड आणि वाळून कडक झालेली. दुसरी पातळ, लवचिक, सुरीला चिकटणारी. मुंगी म्हणाली, दुसरी नवी आहे, नव्या साली कडू लागत नाहीत.

पैलवानाने खात्री करून घेतली. "खरंच की. चोराच्या हाताला चव आहे."

"पुरावा खाऊ नकोस," बाई म्हणाल्या. मग त्या मुंगीकडे वळल्या. "हे करणारं माणूस घरातलंच निघालं तर?"

"घरातलंच आहे. बाहेरच्याला माझी चित्रं बघून काढायला कुठे मिळणार?" तिने दप्तर बंद केलं. "मला फक्त आई कधी येणार ते हवंय. खरं."

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. माळ स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर, अगदी वर बांधली होती. मुंगीला स्टुलावर चढावं लागे.

वडील बस डेपोत इंजिनं दुरुस्त करत. त्यांनी चहा पुढे केला, तेव्हा पांढऱ्या कपावर बोटांचे काळे ठसे उमटले. कितीही घासा, हे जात नाही, ते ओशाळून म्हणाले. मुंगी खोलीत गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. जहाज लांबलंय असा बायकोचा निरोप होता. अजून दूरच्या समुद्रात आहे, फोन लागत नाही. पोरीला सांगायचा धीर झाला नव्हता. बहिणीला तेवढं सांगितलं होतं.

"हाच," जिन्यात पैलवान कुजबुजला. "कारण याच्याकडेच आहे."

"कारण आहे खरं," बाई म्हणाल्या.

आजी शेजारच्या खोलीत असत. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, वेणीसुद्धा नात घालून देई. माळेबद्दल त्यांना फारसं ठाऊक नव्हतं, सुनेबद्दल मात्र भरपूर. संत्र्याची साल करायची तर आतला पांढरा गर चमच्याने खरवडत दुपार घालवायची, म्हणे कडवटपणा जातो. मेलं ते एवढंसं खाणं, आणि सगळा ओटा अडलेला.

आत्या जवळच्याच एका बेकरीत कामाला होती. हसरी बाई. मुंगीसाठी ती जीव टाकते हे दोन मिनिटांत कळलं. त्या साली कशा केल्या, असं बाईंनी विचारलं. सोपं आहे, आत्या म्हणाली, चिरायच्या, उकळायच्या, साखरेत टाकायच्या, झालं. बेकरीत असलं काही नसतं, तिथे फक्त पाव. वरच्या मजल्यावर एक खोली आहे, ती रिकामीच असते.

बेकरीतून निघताना बाईंनी मागची गल्ली धरली. कचऱ्याच्या डब्यापाशी पैलवानाचा पाय घसरला. बुटाला पांढरा, मऊ लगदा चिकटला होता आणि त्याला संत्र्याचा वास येत होता. आत्तापर्यंत तपासात त्याला काहीच सापडलं नव्हतं, आणि सापडलं ते हे, अशी त्याची कुरकुर बाईंनी शांतपणे ऐकून घेतली. मग वाकून बुटाकडे नीट पाहिलं.

रविवारी दुपारी सगळे स्वयंपाकघरात जमले. मुंगीला आत पाठवा, असं वडील म्हणाले.

"तिनेच मला बोलावलंय," बाई म्हणाल्या. "ती इथेच बसेल."

मुंगी स्टुलावर बसली.

बाई शाळेत गणित सोडवून दाखवावं तशा बोलू लागल्या. माळ उंचावर आहे. आजींचा हात तिथवर पोचत नाही. वडिलांचे हात जिथे लागतात तिथे डाग पडतो, आणि नव्या पुड्या कोऱ्या करकरीत. मुंगी स्वतः तक्रार घेऊन आली. उरली आत्या.

आत्याने मान खाली घातली. "पोरीचं मन मोडू नये म्हणून केलं. जहाज लांबलं ना."

"टांगल्या तुम्ही, चित्रंही तुम्हीच काढलीत. साली मात्र तुमच्या नाहीत. तुम्ही साल करता ती पांढऱ्या गरासकट, म्हणून मुंगीला ती कडू लागली. नव्या सालींतला गर चमच्याने खरवडलाय. तसं करणारं या घरात एकच माणूस आहे, असं आजींनीच सांगितलं."

"म्हणजे तिने जहाजावरून पाठवल्या?" पैलवान म्हणाला.

"तोवर वाळून लाकूड झाल्या असत्या. या सुरीला चिकटत होत्या. शिवाय खरवडलेला गर तुझ्या बुटाला कुठे लागला, आठव. फक्त पाव भाजणाऱ्या बेकरीच्या मागे."

वडिलांनी बहिणीकडे पाहिलं. "ती इथे आहे?"

आत्याने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मुंगीची आई परत येऊन बरेच दिवस झाले होते. बेकरीवरच्या खोलीत राहत होती. घराच्या कोपऱ्यापर्यंत येई आणि माघारी फिरे. मला थोडा वेळ दे, म्हणाली होती. म्हणून आत्याने आधी एक पुडी वाढवली, मग आणखी एक.

"मी तुझ्यापाशी रडलो," वडील म्हणाले. "तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास. तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"आमच्या घरात इतकी वर्षं कुणी पुड्या सोडल्या नव्हत्या," आजी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आज टोमणा नव्हता.

मुंगी स्टुलावरून उतरली. आत्यासमोर जाऊन उभी राहिली. "मी रोज तुलाच सांगायचे ना, आता किती उरल्या ते. तू मोजू लागायचीस माझ्याबरोबर."

आत्याने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. मुंगी बाईंच्या मागे सरकली. "मला तिकडे न्या."

बेकरीचा जिना अरुंद होता. वडील खालीच थांबले. मुलीने आधी बोलावं, असं ते म्हणाले, पण त्यांचे पायच उचलत नव्हते. बाई आणि पैलवान अर्ध्या जिन्यावर उभे राहिले. दार मुंगीने वाजवलं.

आईने दार उघडलं. बोटांना साखर लागलेली होती. मुलीला पाहून तिने आधी मागे वळून टेबलाकडे पाहिलं, झाकायला काही सापडतं का म्हणून. मग ती तिथेच गुडघ्यांवर बसली.

मुंगी पुढे गेली नाही. "आई, तू घरी कधी येणार?"

काहीतरी गोड सांगावंसं आईला वाटलं असणार, ते चेहऱ्यावर दिसलं. बाईंनी खालून नकारार्थी मान हलवली.

"मला माहीत नाही, बाळा. येईन की नाही, तेसुद्धा."

मुंगीने ते ऐकलं. "हे मला आधीच कळलं असतं, तर आत्या तरी माझी राहिली असती."

आई रडू लागली. मुंगी वळली आणि जिना उतरायला लागली. पैलवानाने हात पुढे केला, तिने तो धरला नाही. खाली वडील भिंतीला टेकून उभे होते. ती त्यांच्यासमोर थांबली.

"बाबा, जहाज लांबलंय, हे तुम्हाला माहीत होतं?"

वडिलांनी होकारार्थी मान हलवली.

"मग घरी जाताना मी बाईंबरोबर चालते," मुंगी म्हणाली. "तुम्ही मागून या."