सीरसकर

अदनान भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या गोदामात भांडायला आला होता. त्याच्या वडिलांच्या लूमवर विणलेल्या कापडाचे शर्ट 'चुरगळलेला माल' म्हणून परत जाणार होते. तो शेरा मारणारी, तिथे माल तपासणारी मुलगी म्हणजे हफसा.

"मॅडम, कापडच असं हाय. ताण्याचे काही उभे धागे घट्ट, काही सैल... म्हणून फुगतं. सीरसकर आहे ते."

"कुणाचं आडनाव?"

तो हसला आणि भांडण राहूनच गेलं.

शब्द कुठला, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. हफसाने मोबाईलवर शोधलं. इंग्रजांनी तो हिंदुस्थानातून उचललेला, आणि मुळात फारसी: शीर-ओ-शकर.

"शीर म्हणजे दूध," अदनान म्हणाला. "शीरखुर्म्यातलं."

"आणि शकर संस्कृत शर्करेवरून. आपली साखरही तीच."

"संस्कृत? तुम्हाला?"

"दहावीला घेतलं होतं. मार्क पडतात."

एक पट्टी दुधासारखी सपाट, एक साखरेसारखी खरखरीत. हफसाने कापडावरून हळूच बोट फिरवलं. मग ऑफिसला तसं कळवलं, आणि माल सुटला.

अदनानचं गोदामात आता काही काम नव्हतं. तरी तो येत राहिला. "छापील कापडाला चिंट्झ म्हणतात, तो शब्द कुठून आला, सांगा?" तो विचारायचा. ती गेटबाहेर चहा घेता घेता म्हणायची, "छींट... आणि त्याच्याही मागे संस्कृत चित्र." तो हरायचा. हरायला त्याला आवडू लागलं होतं.

एका दुपारी मात्र तिने चहाला हात लावला नाही.

"कुवेतच्या मुलाचं स्थळ आलंय. अम्मीला आज उत्तर हवंय."

कंटेनर धूळ उडवत गेला. अदनान हातातला ग्लास फिरवत राहिला.

"एरवी तर रोज नवा शब्द आणता," ती म्हणाली. "आज नाही?"

"उर्दूत म्हणतात, शीर-ओ-शकर होना. म्हणजे दोघं असे मिसळतात, की—"

"मराठीत सांगा."

त्याने ग्लास खाली ठेवला. "लग्न करशील माझ्याशी?"

तिने फोन लावला.

"अम्मी, कुवेतला नाही म्हणून सांग... नाही, रागावले नाही... हो. आहे एक. इथलाच, भिवंडीचा."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. हफसाने त्याच्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

"अदनान," ती म्हणाली.

इतक्या दिवसांत त्याचं नाव तिने पहिल्यांदाच घेतलं होतं.