कौशल्याबाईंचा कापलेला फोटो

बायकोच्या तेरवीच्या, म्हणजे तेराव्याच्या, आदल्या दिवशी धंतोलीतल्या गिरिधर फोटोवाल्यानं रुपराव जमादारांना तातडीनं बोलावलं. रुपराव पोलिसातून निवृत्त झाले होते. दुकानात टेबलावर त्यांच्या बायकोचा मोठा फोटो होता. कॅनव्हासवर छापलेला, फ्रेममध्ये बसवलेला. कौशल्याबाईंचा चेहरा शाबूत होता. गळ्याच्या जागी तळहाताएवढं भोक होतं.

"उंदरानं खाल्लं जी," गिरिधर चाचरत म्हणाला.

रुपरावांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "उंदीर खळ खाते गा. मागं चिकटवलेल्या कागदाची खळ जशीच्या तशी आहे. अन् धागे पाहा, एका रेषेत. ब्लेड आहे हे. दुसरा काढून दे."

"कशावरून काढू? ज्या लग्नाच्या ग्रुप फोटोतून हा मोठा केला तो अन् त्याची निगेटिव्ह, दोन्ही तुमचे साळे वामनराव काल घेऊन गेले."

"अजून कोण आलं होतं?"

"तुमची सूनबाई. फ्रेम झाली का, विचारायले. मी डार्करूममध्ये होतो. दोघंही आपापल्या वेळी बाहेर एकटेच बसले होते."

"कौशल्याच्या गळ्यात काय होतं फोटोत?"

"ध्यान नाही दिलं जी. चेहराच पाहत होतो."

रुपरावांचं डोकं तापलं. कौशल्याबाई गेल्यापासून त्यांची सोन्याच्या पुतळ्यांची माळ सापडत नव्हती. कपाटाची किल्ली सून प्रेमिलाकडे असायची. वामनरावांनी सगळ्या नातेवाइकांत तिला चोर ठरवलं होतं. तेरवी झाली की तिला माहेरी धाडायचं ठरलं होतं. तिचा नवरा गोविंदा एक शब्द बोलला नव्हता.

माळ कोणीही ओळखली असती. एक पुतळी हरवली तेव्हा कौशल्याबाईंनी तिच्या जागी एक मोठा मणी ओवला होता.

रुपराव फ्रेम घेऊन घरी आले. अंगणात प्रेमिलाची ट्रंक भरून ठेवलेली होती. भोक पाहताच वामनराव ओरडले, "मी म्हणत नव्हतो, भाऊजी? सावनेरले माझ्या पोराच्या लग्नात ताई माळ घालूनच बसली होती. फोटोत दिसत होती, म्हणून कापली हिनं!"

"मी हातही नाही लावला," प्रेमिला म्हणाली.

त्या लग्नाला कौशल्याबाई एकट्याच गेल्या होत्या. रुपरावांचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि घरचे त्यांच्यापाशी थांबले होते.

रुपरावांनी फ्रेम पालथी घातली. पक्कड घेतली आणि मागचे खिळे एकेक करून उपटले.

"आता काय करून राहिले, भाऊजी?"

"कापडावरचा फोटो लाकडी चौकटीवर ताणतात, वामनराव. कडा मागं दुमडून खिळे ठोकतात. म्हणून चारी बाजूंनी चार बोटं जास्त छापा लागते." त्यांनी दुमडलेली कड सरळ केली. "कौशल्याच्या बाजूले कोण बसलं आहे?"

वामनराव एक पाऊल मागं सरले.

"तुझी सून. नवरी. तिच्या गळ्यात हा मोठा मणी कसा आला?"

गोविंदा वाकून पाहू लागला. तीच माळ होती.

"माळ नवरीच्या गळ्यात, म्हणजे कौशल्याच्या गळ्यात नव्हती. तेच लपवायचं होतं तुले. मूळ फोटो नेला, निगेटिव्ह नेली. फ्रेम काही पिशवीत मावली नाही, म्हणून गळा कापला. प्रेमिलानं कापला असता तर निगेटिव्ह तुझ्यापाशीच होती. मी आल्या आल्या पुरावा म्हणून दाखवली असती तू. दाखव!"

"जाळली," वामनराव पुटपुटले. "ताईनंच दिली होती माळ, लग्नात घालायले. मग ती गेली, अन्..."

"अन् तुले वाटलं, कोणाले माहीत नाही! मागितली असती तर ठेव म्हटलं असतं. या पोरीले चोर काहून केलं? मेलेल्या बहिणीच्या गळ्यावर ब्लेड चालवलं तू? माझ्यापाशी तिचा दुसरा फोटो नाही रे!" रुपरावांचा आवाज फाटला. "माळ आणून दे. अन् उद्या तेरवीले या घरात पाय नको ठेवू."

वामनराव चपला घालून निघून गेले.

गोविंदा ट्रंक उचलायला वाकला. प्रेमिलानं झाकणावर हात दाबून धरला.

"तुमच्या बाबांनी फोटो पाहून ओळखलं. तुम्हाले मले पाहून नाही ओळखता आलं?"

प्रेमिलानं ट्रंक स्वतः उचलली आणि आपल्या खोलीत न नेता सासूच्या खोलीत नेऊन ठेवली.