चार हजार तीनशे बारावी नोंद

१ मे २०२५, गुरुवार. आकाश निरभ्र. सकाळी झेंडावंदनालाच अंग भाजत होतं. दुपारी पारा चव्वेचाळीसवर गेला आणि रस्त्यावर चिटपाखरू उरलं नाही.

अशा दुपारी समाधान बिऱ्हाडे नगरपालिकेच्या फाटकाशी सायकल लावून उभा राहिला. काम साधंच होतं. संगणकात एक नाव बदलायचं होतं.

फाटकावरचा चिंधा नाना निंबाखाली बाजेवर पडला होता. तो अर्धा उठला.

"भाऊ, आज सुट्टी शे ना? कसाले उना?"

"थोडं काम आहे, नाना. किल्ली द्या."

"किल्ली?" नानाने डोळे चोळले. "माले वाटनं तू मजार जाई बठना. मघानी खटखट चालू शे."

"आत कूलर राहिला असेल चालू."

"हां, कूलरच व्हई." नानाने किल्ली दिली आणि दात नसलेलं हसला. "जाय. कौतिकभाऊनी वेबसाइट शे ती. झाड त्यानी लायं, तू नुसतं पानी घालस."

समाधान हसला नाही. नऊ वर्षं हा काटा त्याच्या टाचेत होता.

कौतिक महाजन हा जन्म-मृत्यू विभागातला टंकलेखक. कुणी शिकवलं नाही, कुणी सांगितलं नाही. एका जुन्या पुस्तकावरून शिकून २००८ साली त्याने पालिकेची वेबसाइट उभी केली. आधी पानं पाचच. नळाला पाणी कोणत्या गल्लीत कधी येणार, एवढंच लोक बघत. मग घरपट्टी आली, निविदा आल्या, दाखले आले. जुना मराठी टाइप लोकांच्या मोबाइलवर उमटेना, तेव्हा त्याने अख्खी वेबसाइट एकहाती पुन्हा टाइप केली. २०१६च्या मे महिन्यात, भर दुपारी, तो संगणकासमोरच्या आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

जुलैत समाधान कंत्राटावर लागला. तेव्हापासून वेबसाइटचं रूप तीनदा बदललं, तिन्ही वेळा त्याने बदललं. पण आत शिरायचं खातं कौतिकचंच राहिलं. "चालतंय ना? मग हात लावू नका, बंद पडेल," असं प्रत्येक साहेब म्हणाला. लग्नाच्या भांड्यावर नाव कोरलेलं असावं तसं प्रत्येक पानाखाली उमटत राहिलं : नोंद करणार, कौतिक.

समाधान मग घरी डायरी ठेवू लागला. रोज काय चढवलं, किती वाजता, सगळं. कालपर्यंतच्या नोंदी चार हजार तीनशे अकरा.

आता कंत्राटी लोकांना कायम करण्याची यादी निघायची होती. सोमवारी प्रस्ताव वर जाणार होता आणि सोबत वेबसाइटचा कामाचा अहवाल. कार्यालय अधीक्षक हेमलता मॅडमनी तो अहवाल पाहिला आणि हसल्या.

"बिऱ्हाडे, यात तुम्ही कुठेच नाही हो! नऊ वर्षं कौतिकभाऊच राबताहेत."

"मॅडम, माझी डायरी आहे."

"घरच्या डायरीला कोण विचारतं? अहवालात नाव दाखवा."

म्हणून तो आला होता.

खोलीत शिरताच त्याने कूलरकडे पाहिलं. कूलर बंद होता. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि अंधारात कापराचा वास. झुरळं होऊ नयेत म्हणून कौतिक खणात कापराच्या वड्या ठेवायचा. तो खण समाधानने पहिल्याच आठवड्यात धुऊन काढला होता.

तो बसला. भिंतीवर एक पंचावन्न झाले होते. खुर्चीचं रेक्झिन गरम लागलं. उन्हाने असेल.

खात्याचं नाव बदललं, की त्याखालच्या सगळ्या नोंदी आपोआप नव्या नावावर जात. म्हणजे कौतिकची आठ वर्षंही. समाधानचं बोट थांबलं. ती पानं त्याची नव्हती. पण नानाचं हसू आठवलं, मॅडमचं आठवलं. जाऊ देत, तो मनाशी म्हणाला. मेलेल्याला कुठे कायम व्हायचंय?

त्याने 'कौतिक' खोडून 'समाधान' लिहिलं.

मग सवयीने मोजलं. जुलै २०१६ पासूनच्या नोंदी : चार हजार तीनशे बारा.

एक जास्त.

ती सगळ्यात वर होती. आजची, एक चाळीसची. त्या वेळी तो अजून रस्त्यावर होता. 'मृत्यू नोंदी, चालू आठवडा.' ही यादी तो दर सोमवारी चढवायचा. त्याने ती उघडली. सहा नावं रजिस्टरमधली, ओळखीची. सातवं नाव : समाधान सुकदेव बिऱ्हाडे, वय ४४. मृत्यूची तारीख कोरी.

त्याने ओळ खोडली. पान पुन्हा उघडलं. ओळ होती. तारखेच्या जागी आता 'मे २०२५' होतं.

पुन्हा खोडली. आता 'एक मे २०२५' होतं.

कापराचा वास अगदी कानाशी आला. टंकलेखक ओळ संपली की जोरात दोनदा बोट मारतात, तसा आवाज झाला. खट्... खट्. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. संगणकाच्या पडद्यावरची चमकती रेघ 'वेळ' या रकान्यात जाऊन थांबली. तिथे दोन उमटलं. मग टिंब. मग शून्य.

भिंतीवर दोन वाजून चार मिनिटं झाली होती.

"कौतिकभाऊ..." त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "राहू दे... तुमचंच राहू दे."

त्याने 'समाधान' खोडून 'कौतिक' लिहिलं.

यादीच गेली. नोंदी चार हजार तीनशे अकरा.

बाहेर चिंधा नानाने किल्ली घेतली. त्याने समाधानच्या तोंडाकडे पाहिलं आणि माठातलं पाणी पुढे केलं.

"लवकर उना रे भाऊ. झायं काम?"

"झालं."

"मंग मजार आते कोन शे?" नाना हळूच म्हणाला. "खटखट तर चालूच शे..."

समाधान पाणी प्यायला आणि त्याने सायकल काढली.

सोमवारी अहवाल होता तसा वर गेला. ३० मे, शुक्रवार, दुपारी एक चाळीसला कायम केलेल्या कर्मचाऱ्यांची यादी वेबसाइटवर आली. ती समाधानने चढवली नव्हती. नावं अकरा. समाधानचं त्यांत नव्हतं. त्याचं कंत्राट दुसऱ्या दिवशी संपलं. अकरावं नाव : कौतिक लोटन महाजन, संगणक चालक.