पिवळ्या एप्रनचा नियम

"अहो, भेटायची वेळ कधीच संपली! खांबाला टेकून काय उभे राहिलात? चला, बाहेर व्हा!"

त्याच्याशी मी बोललेलं पहिलं वाक्य हे. ना लाजणं, ना नजरानजर... सरळ तोफच डागली. माझा स्वभावच तसा, त्याला मी तरी काय करू! सकाळची औषधं द्यायची वेळ, बाहेर पावसाची पिरपिर, लोकांच्या ओल्या छत्र्यांनी सगळी फरशी निसरडी झालेली, आणि हा माणूस वॉर्डच्या मधोमध असलेल्या खांबाला टेकून माझ्याकडे टक लावून बघतोय. कुणाचा तरी नातेवाईक असणार, असं मी धरून चालले होते.

तो काही बोलला नाही. माझ्या एप्रनकडे बोट दाखवलं फक्त.

"बोट काय दाखवता? तोंड नाही का तुम्हाला?"

तरी गप्प. ओठ मात्र दाबून धरलेले, हसू येऊ नये म्हणून. मग माझं लक्ष खाली गेलं. भडक पिवळा एप्रन, त्यावर मोठी काळी अक्षरं — 'औषधं देत आहे. कृपया हाक मारू नका.' त्याच सकाळी मोठ्या सिस्टरनी तो माझ्या गळ्यात घातला होता. नवा प्रयोग म्हणे. हा अंगावर असेपर्यंत नर्सशी कुणी बोलायचं नाही आणि नर्सनेही दुसरं काही करायचं नाही.

सगळ्यांची औषधं देऊन झाली, ट्रॉली जागेवर गेली, मी एप्रन काढला. तेव्हा कुठे तो जवळ आला.

"आता बोलू शकतो. मीही नर्सच आहे, पुढचं शिकतोय. औषधं देताना नर्सला मध्येच कोण कोण थांबवतं आणि या एप्रनने ते कमी होतं का, हे बघायला मोठ्या सिस्टरनी मला इथे उभं केलंय. पहिला अडथळा आजच लागला."

"कुणाचा?"

"तुमचा. स्वतःचं काम सोडून माझ्यावर ओरडलात ना!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सॉरी हं, ब्रदर," म्हणून मी तिथून पळ काढला.

ब्रदर! आमच्याकडे बाईमाणूस नर्स असली की सिस्टर आणि पुरुष असला की ब्रदर. पुढे आमचं गुपित फुटलं तेव्हा यावरून आमची किती टिंगल झाली असेल, विचारू नका. वॉर्डातल्या मावशी, म्हणजे आमच्याकडे झाडलोटीपासून रुग्णाला कुशीवर वळवण्यापर्यंत सगळं करणारी बाई, तिने तर पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव ठेवलं, खांबोबा. "तुझा खांबोबा आला गं," असं ती लांबूनच ओरडायची. मी डोळे वटारायचे. गालांना मात्र ते कळायचं नाही, ते आपले लाल व्हायचे.

रोज सकाळी तो खांबाशी उभा असायचा. मी एप्रन चढवला की आमचं बोलणं बंद. बाकी कुणाला त्या एप्रनची पर्वा नव्हती. सलाइन संपलं म्हणून नातेवाईक बाही ओढायचे, डॉक्टर लांबून रिपोर्ट मागायचे, खिडकीजवळच्या खाटेवरचे आजोबा तर "पोरी, वाचता येत नाही गं मला" म्हणून खुशाल गप्पा मारायला लागायचे. वाचता येत नाही, आणि उशाशी वर्तमानपत्र! सगळे हाका मारायचे. तो एकटा मारायचा नाही. एकदा माझी ओढणी ट्रॉलीच्या चाकात अडकली, तरी तो बोलला नाही. खांब सोडून आला, वाकला, ओढणी सोडवली आणि परत जाऊन उभा राहिला. वाकताना त्याच्या केसांतलं पावसाचं पाणी माझ्या हातावर पडलं. मी गोळ्या परत पहिल्यापासून तपासल्या. कुठवर आले होते, तेच कळेना!

दुपारी कँटीनमध्ये एप्रन नसायचा. तिथे मात्र आम्ही सगळं उट्टं काढायचो.

"मी खांबाकडे बघितलं, तर तो अडथळा धरता का हो?" मी एकदा विचारलं.

"हाक ऐकू आली तरच धरतो."

"आणि नुसतं बघितलेलं?"

तो चहाच्या कपात बघत राहिला. "ते... ते माझ्याजवळ ठेवतो."

बाहेर धो धो पाऊस लागला होता. कँटीनच्या पत्र्यावर एवढा आवाज होत होता की मला ऐकू आलं नाही असं सहज दाखवता आलं असतं. पण मी म्हटलं, "अहो, मग जपून ठेवा. हरवलं तर मी परत देणार नाही."

"तुम्हाला तुमची एक सवय माहितीये?" तो हसत म्हणाला. "शेवटचं औषध दिलं की तुम्ही रिकामा ट्रे बोटांनी हलकेच वाजवता. टक टक. रोज."

"काहीतरीच!"

"खरंच. डोळे मिटून उभा राहिलो तरी मला कळतं, तुमचं काम झालं. आता मला बोलता येईल."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम न वाजवायचं ठरवलं. आणि हाताने वाजवलंच. खांबाकडून खुदकन आवाज आला.

'तुम्ही' कधी गळून पडलं ते कळलं नाही. आमच्या घरी तो पहिल्यांदा आला तेव्हा आई पलंगावर होती. ती असायचीच पलंगावर. झटक्याने तिची उजवी बाजू गेली होती, शब्द अर्धेमुर्धे यायचे. मी ड्यूटीवर असताना शेजारच्या काकू तिच्याजवळ बसत, पण घास मात्र ती माझ्याच हातून घ्यायची. दुसऱ्या कुणी भरवलं की तिला ठसका लागायचा. त्या दिवशी त्याने तिच्या पाठीशी उशा कशा रचाव्यात ते मला दाखवलं, म्हणजे मला, नर्सला! मी फणकारले, तशी आई तोंडाची एक बाजू वर करून हसली. किती दिवसांनी हसली होती ती.

त्याला सोडायला खाली उतरताना जिन्यात मी विचारलं, "तू त्या नियमाचा एवढा हट्ट का धरतोस रे? परवा डॉक्टरांशीसुद्धा भांडलास."

तो पायरीवर बसला. मीही बसले. जिन्याच्या झरोक्यातून पावसाचे तुषार आत येत होते.

"बाबा दवाखान्यात होते," तो म्हणाला. "सिस्टर त्यांचं औषध सिरिंजमध्ये भरत होत्या. मी मागून हाक मारली, 'सिस्टर, बाबांना पाणी देऊ का?' त्या वळल्या. इतक्या गोड बोलल्या माझ्याशी... परत वळल्या, आणि किती भरलं होतं तेच विसरल्या. जास्त गेलं. बाबा उठलेच नाहीत. त्या सिस्टरची नोकरी गेली."

"यात तुझी काय चूक?"

"चूक नव्हती, माहितीये. पण हाक माझी होती."

मी त्याचा हात हातात घेतला. त्या क्षणी मला कळलं की हा माणूस मला हवाय. खिडकीजवळचे आजोबा म्हणाले असते, 'पोरी, आता कळलं होय!'

पावसाळा सरत आला आणि त्याचा अभ्यास संपला. निकाल चांगला लागला. आमच्या वॉर्डात हाका निम्म्याहून कमी झाल्या होत्या, औषधांच्या चुकाही. मोठ्या सिस्टरनी पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली, तेवढाच त्यांचा हात सैल. आणि मग त्याला बोलावणं आलं. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या संस्थेचं. त्यांच्या सगळ्या रुग्णालयांत हा नियम बसवायचा, तिथल्या नर्सना शिकवायचं. काही वर्षांचं काम. लगेच रुजू व्हायचं, नाहीतर दुसऱ्याला घेणार.

"चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. आम्ही कँटीनमध्येच होतो. चहावर साय धरली होती.

"आणि आई?"

त्याने चमच्याने साय बाजूला सारली. आईला जिना उतरवायचा तर चार माणसं लागत, समुद्र कुठला ओलांडणार! हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

"मग मी जात नाही," तो म्हणाला. "इथेच राहतो. इथल्या इथे नोकरी बघतो. तू फक्त थांब म्हण."

"वेडा आहेस का रे?"

"आहे. तू म्हण तर खरं."

माझ्या जिभेवर होतं. अगदी टोकावर. थांब... केवढासा तो शब्द! पण माझ्या तोंडून फुटेना.

"आत्ता नको बोलूस," तो म्हणाला. "निघायच्या दिवशी सकाळी आधी वॉर्डात येतो. तुझी औषधं झाली की एप्रन काढ. काढलास की मी बॅग खाली ठेवली म्हणून समज. नाही काढलास तर... मी हाक मारणार नाही. तुला माहितीये."

त्या संध्याकाळी आईला भरवताना माझे डोळे सारखे भरून येत होते. तिला सगळं कळत होतं. डाव्या हाताने तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "जा... जा ना."

"कुठे जाऊ? भात सांडतोय बघ," मी म्हटलं. तिने तोंड घट्ट मिटून घेतलं. तो घास तिने बराच वेळ घेतला नाही.

मी खूप विचार केला. खोटं कशाला बोलू, त्याला ठेवून घ्यायचाच विचार जास्त केला. मला तो हवा होता, हट्टाने हवा होता. सकाळी खांबाशी, दुपारी समोर, संध्याकाळी आईच्या उशा रचताना. पण दरवेळी तो पायरीवर बसलेला दिसायचा. 'पण हाक माझी होती,' असं म्हणणारा. ती हाक त्याने इतकी वर्षं उरात वागवली होती. आता कुठे ती उतरवायला जागा मिळत होती. थांब म्हटलं असतं तर तो थांबला असता, कधी बोलूनही दाखवलं नसतं. आणि नेमकं तेच मला सोसलं नसतं.

त्याच्या निघायच्या दिवशी सकाळी पाऊस नव्हता. ऊन पडलं होतं, धुतल्यासारखं. मी एप्रन बांधला, ट्रॉली काढली. अर्ध्या वॉर्डाची औषधं झाली असतील, तेव्हा तो आला. खांबाशी उभा राहिला. खांद्याला बॅग. मी बघितलं नाही, तरी मला कळलं.

त्या दिवशी मी हळू चालले. प्रत्येकाचं नाव विचारलं, प्रत्येक गोळी डोळ्यांसमोर धरली. मला कुणीच हाक मारली नाही. रोज बडबडणारे आजोबासुद्धा वर्तमानपत्रामागे तोंड लपवून बसले होते. शेवटच्या खाटेपाशी आले. औषधाचा शेवटचा कप दिला. ट्रे रिकामा झाला.

आणि माझी बोटं... त्यांना काय माहीत! टक टक. सवयीने वाजवलंच.

आख्ख्या वॉर्डात तेवढाच आवाज झाला. मी वर बघितलं. त्याने ऐकलं होतं. काम संपलंय, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार! त्याने खांद्यावरचा बॅगेचा पट्टा अर्धा उतरवला आणि तो वाट बघत राहिला.

माझे दोन्ही हात मानेमागे गेले. गाठीपर्यंत. गाठ बोटांना लागली...

मी ती घट्ट केली. रिकामा ट्रे उचलला, आणि ट्रॉलीवरचे वापरलेले कप मोजत असल्यासारखी मान खाली घालून उभी राहिले. डोळ्यांतलं पाणी कपात पडत होतं. हाक मार रे, मनात म्हणत होते मी, एकदा मार. तू हाक मारलीस ना, तर मी हा एप्रन फाडून टाकेन. माझ्याच्याने नाही राहवणार.

त्याने नाही मारली. पावलं वाजली, आधी सावकाश, मग दाराबाहेर भरभर. मी मान वर केली तेव्हा खांबाशी ऊन होतं.

परवा त्याचा फोटो आला. लांबलचक भिंत, खुंट्यांवर ओळीने टांगलेले पिवळे एप्रन. खाली एवढंच लिहिलं होतं, 'इथे आता कुणी हाक मारत नाही. तुझी आई जेवते ना?' मी खूप काही लिहिलं, पुसलं. शेवटी लिहिलं, 'जेवते. उशा तू सांगितल्यास तशाच रचते.'

आमच्या वॉर्डातही आता कुणी हाक मारत नाही. नियम चांगलाच अंगवळणी पडलाय सगळ्यांच्या. औषधं वेळेत संपतात. मी ट्रे वाजवते, खांबाकडे बघते, आणि तशीच उभी राहते.

आज मावशी मागून आली. झाडू भिंतीला टेकवला, आणि माझ्या मानेमागच्या गाठीला हात घातला.

"झाली ना गं औषधं? काढ की आता हे."

"काढते, मावशी," मी म्हटलं. "थोडा वेळ राहू दे."