कुणीच न हलवलेली बटणं

बावीस घरं, तीन महिने, आणि तारिणी सोडून बटणं बदलली फक्त दोघांनी. तिला हे कोडं काही केल्या सुटेना.

मालवणजवळ समुद्राच्या तळाशी बोगद्यांनी जोडलेली ही बावीस घरांची वस्ती होती. प्रत्येक घराच्या भिंतीवर एक पडदा. हवा, दिवे, चूल, सगळं त्यावरच्या बटणांनी चाले. तो तारिणीच्या शास्त्रज्ञ आजोबांनी बनवलेला. बारा वर्षांच्या तारिणीने त्यात भर घातली : ज्याला हवं त्याने कुठलंही बटण कुठेही सरकवावं, रंगवावं, मोठं करावं, चित्रामागे लपवावं. आजोबांची अट एकच. कोपऱ्यातलं ‘मूळ मांडणी’ (पडदा नवा असताना बटणं जिथे होती, तिथे ती परत नेणारं बटण) कुणालाही हलवता येणार नाही. त्यावरून तिने दोन दिवस अबोला धरला होता.

आणि लोकांनी काय केलं? शेजारच्या कुसुमकाकूंनी अक्षरं मोठी केली. डावखुऱ्या बस्त्यावमामांनी चुलीचं बटण डावीकडे नेलं. बाकीचे ढिम्म.

“लोक आळशीच आहेत,” ती काकूंच्या घरी बसून कुरकुरत होती. “मी आमच्याकडे सहा वेळा सगळं बदललंय.”

“माका भात शिजवूचो आसा गो बाय, बटणांशी खेळाक वेळ खंय?” काकू म्हणाल्या.

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. बस्त्यावमामा तारिणीच्याच घरातून बोलत होते.

“बाय, तुमचो हवेचो पंप बंद पडलो. भोंगो वाजता म्हणान मी धावत इलंय. आजोबा उठनत नाय. हवेचा बटान खंय ठेवलंस?”

तारिणी ताडकन उठली. आजोबा दुपारी झोपताना कानातलं यंत्र काढून ठेवत. भोंगा त्यांना ऐकू जाणार नव्हता. त्यात बंद घरात कार्बन डायऑक्साइड (आपण श्वासावाटे बाहेर टाकतो तो वायू) साठला की गुंगी येते. बटण कासवाच्या चित्रामागे होतं? की परवा माशाच्या शेपटीखाली नेलं? तिचं तिलाच आठवेना.

“मामा, कोपऱ्यातलं ‘मूळ मांडणी’ दाबा,” ती कशीबशी म्हणाली.

फोनमधून मामांनी दोन बटणं दाबल्याचा आवाज आला. मग पंपाची घरघर सुरू झाली.

“गावला,” मामा म्हणाले. “माझ्या घरात आसा, थंयच आसा.”

ती धावत घरी पोचली तेव्हा आजोबा उठून पाणी पीत होते. त्यांच्या गळ्यात पडून ती पोटभर रडली.

“दिव्याचं बटण तुला अंधारातही कसं सापडतं?” आजोबांनी तिच्या पाठीवर हात फिरवत विचारलं. “हाताला जागा पाठ असते म्हणून. बहुतेकांना पडदा सजवायचा नसतो, भात शिजवायचा असतो. म्हणून पहिली मांडणीच नीट करणं हे आपलं काम. ज्याला खरी अडचण आहे, त्याला तेवढंच बदलता आलं की पुरे.”

“म्हणजे माझी मेहनत पाण्यात गेली?”

“काकूंना अक्षरं दिसायला लागली. मामांचा हात चुलीपाशी अवघडत नाही. ते कुणामुळे?”

तारिणीने डोळे पुसले. पुढच्या वर्षी वस्तीत चाळीस नवी घरं येणार होती. त्यांच्या पडद्यावर हवी तर अक्षरं मोठी करता येतील, चूल डावीकडे नेता येईल, पण हवेचं बटण जागचं हलणार नाही, हे तिने तिथेच ठरवलं.

“आणि कासव?” तिने हळूच विचारलं.

“राहू दे की. फक्त हवेवर बसवू नकोस.”

आजोबा पुन्हा आडवे झाले आणि घोरायला लागले. एरवी त्या घोरण्याला वैतागून ती दार लावून घ्यायची. आज मात्र ती उशाशी बसून ते ऐकत राहिली.