आतून येणारा आवाज

त्या सकाळी आम्ही दोघं नेहमीसारखेच कामाला गेलो होतो. आमचे हे ऑर्गन सुरात लावायचे. ते गावातलं चर्च लहान, पण ऑर्गन दीडशे वर्षांचा, भिंतभर उंच, आत शेकडो नळ्या. हे ऑर्गनच्या बाजूच्या दारातून आत शिरून शिडी चढायचे, मी बाहेर पट्ट्यांपुढे बसायची. मी पट्टी दाबली की आतली नळी घुमायची. हे टकटक ठोकून ती सुरात आणायचे आणि ओरडायचे, "पुढची." मी पुढची दाबायची. ह्या कामाला अक्षरओळख लागत नाही. हे म्हणायचे, तू शिकली नाहीस तेच बरं, नाहीतर मलाच शिकवत बसली असतीस.

ह्यांची छाती कमजोर झाली होती. डॉक्टरांनी धूळ आणि शिडी दोन्ही बंद सांगितलं होतं. एवढं शेवटचं, हे म्हणाले. मी बजावलं, तुमचा आवाज आला नाही की मी आत येणार. म्हणून त्या दिवशी माझं सुराकडे लक्षच नव्हतं. टकटक, मग "पुढची" आलं की हायसं वाटायचं. खिडकीतून ऊन येत होतं, जुन्या लाकडाचा आणि उंदरांचा वास येत होता.

एक्कावन्नावी पट्टी चालू असताना चर्च झाडणारी बाई आली. माझ्या खांद्याला हात लावून उभी राहिली.

"ताई, कुणासाठी दाबताय?"

"हे आत आहेत ना."

तिनं हळूच सांगितलं. चर्चच्या मागच्या दाराच्या पायरीवर हे भिंतीला टेकून बसलेत. सकाळी झाडताना तिला वाटलं, दम खातायत. आत्ता बादली ओतायला गेली तर तसेच. हात लावला, तर गार... कडक झालेत.

माझं बोट पट्टीवरच होतं. आत टकटक झालं.

"पुढची."

बाईच्या हातातला झाडू पडला. मी पुढची पट्टी दाबली.

तुम्ही म्हणाल, उठली कशी नाहीस? मला काही वाटतच नव्हतं. भीती नाही, रडू नाही. एवढंच कळत होतं, की मी उठले तर आवाज थांबेल, आणि मग पायरीवरचं खरं होईल. बाई माझा पदर ओढत होती. पाच पट्ट्या उरल्या होत्या. मी एकेक दाबली. प्रत्येक नळी सुरात आली, ह्यांनी लावावी तशीच. आवाजही ह्यांचाच... असं मला वाटतं. आता खात्री देता येत नाही.

शेवटची झाली. आत शांत झालं. मग शिडीवरून कोणीतरी उतरायला लागलं. सावकाश, एकेक पाय ठेवत. बाईनं माझा हात घट्ट धरला. बाजूचं दार आमच्या समोर उघडंच होतं, आत मात्र अंधार.

त्या शिडीला नऊ पायऱ्या. सवयीनं मी मोजत गेले. सात, आठ, नऊ... पाऊल थांबलं नाही. दहा, अकरा. आत जमीन होती, दगडी फरशी. सतरापर्यंत मी मोजलं. त्यानंतरही ते उतरतच होतं, पण इतकं खाली गेलं होतं की नीट ऐकू येईना.