दोरीचं मागचं टोक

आधीच सांगते. ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना पटायची नाही त्यांनी इथेच थांबावं, मला राग नाही. फक्त खाली येऊन "एखाद्या पोरानेच ओढली असेल दोरी" अशी अक्कल पाजळू नका. तो विचार आमच्या घरात नऊ वर्षं करून झालाय.

घडलं माझ्या आत्याच्या बाबतीत. आणि रात्री-बेरात्री नाही. भर दुपारी, एका मंगळवारी, पावणेतीनच्या सुमाराला.

आत्या बालवाडीत शिकवायची. मैदानाच्या एका टोकाला बालवाडीची एकच लांबट खोली, विटांच्या भिंती, वर पत्रा. दुसऱ्या टोकाला मोठ्या शाळेची पक्की इमारत. पाण्याचे नळ आणि डबा खायची जागा त्या इमारतीत, म्हणून रोज मैदान ओलांडावं लागे. चार-चार वर्षांची बारा पोरं. एकाला धरावं तर दुसरं पळतं.

म्हणून दोरी.

जाड सुती दोरी, तिला बारा गाठी, प्रत्येक गाठीला रंगीत चिंधी. एका गाठीला एक पोर. पुढच्या टोकाचा फास आत्याच्या मनगटात, मागच्या टोकाचा मावशींच्या.

मावशी म्हणजे बालवाडीतल्या मदतनीस. दोरी त्यांनीच बनवली होती. वयाने आत्याहून दहा वर्षांनी मोठ्या आणि जिभेने त्याहून मोठ्या. दोघींचं दिवसभर वाजायचं. खडू कुठे ठेवला यावरून, खिडकी उघडी का बंद यावरून. बघणाऱ्याला वाटावं, विळ्याभोपळ्याचं नातं आहे. पण एक आजारी पडली की दुसरीला डबा गोड लागत नसे.

दोरीचा एक नियम होता. आत्याने मागे वळून बघायचं नाही. ती वळली की पोरं वळत, आणि मग एकावर एक बाराही कोसळत. एकदा तसं झालं तर मावशींनी तिला आठवडाभर ऐकवलं.

"बाई, पुढचं तुम्ही बघा, मागचं माझ्यावर सोडा. सारखी मान वळवायची खोड बरी नाही."

मग दोघींनी खुणा ठरवल्या. पुढून एक हिसका, म्हणजे 'सगळे आहेत ना?' मागून दोन हिसके, म्हणजे 'आहेत, चला.' आणि पोचल्यावर पुढून तीन. 'पोचलो, सोडा आता.'

तीन मिळाल्याशिवाय मावशी टोक सोडत नसत. एकदा आत्या हेडमास्तरांशी बोलत राहिली आणि विसरली. मावशी पंधरा मिनिटं उन्हात टोक धरून उभ्या. वर तिलाच म्हणाल्या, "तीन कुठे दिलेत तुम्ही?"

तर, तो मंगळवार.

सकाळपासून हवा कोंडली होती. अडीचला आभाळ मळकट पिवळं झालं. मग मैदानापलीकडची झाडं सगळी एकदम एका बाजूला वाकली. आवाज नंतर आला.

पहिल्या झोताला खिडकीची काच गेली. दुसऱ्याला कोपऱ्यातला पत्रा उचकटला. वर, खाली. वर, खाली. दर वेळी एखादा खिळा सुटून खाली पडायचा.

आत्याने वर पाहिलं.

"मावशी, छप्पर राहत नाही. पोरांना पलीकडे न्यावं लागेल."

"एवढ्या वाऱ्यात? उडून जातील हो."

"इथे राहिली तर चिरडतील."

मावशींनी वाद घातला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मुकाट्याने खुंटीवरून दोरी काढली आणि पोरांच्या मुठी एकेका गाठीवर आवळायला लागल्या.

आत्या दाराबाहेर पडली तर पुढचं काही दिसेना. नुसती धूळ. डोळे उघडले की खडे जात होते. दहा-बारा पावलं गेली असेल, तेवढ्यात मागून मावशींची हाक आली.

"बाई, थांबा. उंदीर राहिला."

उंदीर म्हणजे वर्गातलं सगळ्यात लहान पोर. घाबरलं की टेबलाखाली शिरायचं, म्हणून ते नाव मावशींनीच ठेवलेलं.

"मी आणते त्याला. तुम्ही मागे बघू नका."

आत्या थांबली. तिच्या मागे पहिल्या गाठीला जी पोरगी होती ती एरवी दिवसभर रडायची. त्या वेळी गप्प होती. अकरा पोरं जीव मुठीत धरून उभी होती आणि एकाच्याही तोंडून आवाज नाही.

मग... धडाम.

पायाखालची जमीन हादरली. आत्याला वाटलं, मोठी फांदी पडली. तिने दोरीला एक हिसका दिला.

सगळे आहेत ना?

काहीच नाही.

तिने पुन्हा एक हिसका दिला.

काहीच नाही... दोरी हातात मेल्यासारखी पडलेली.

परत जायचं, काय होईल ते होवो, म्हणून तिने एक पाय मागे वळवलासुद्धा.

आणि तेवढ्यात...

दोन हिसके.

मावशींचे हिसके तिने झोपेतही ओळखले असते. पहिला जोरात आणि दुसरा त्याहून जोरात, खेकसल्यासारखा. आहेत म्हटलं ना, चला.

आत्या चालू लागली. रांग जरा पुढे सरकते न सरकते तोच मागे बालवाडीचं अख्खं छप्पर सुटलं आणि पोरं जिथे उभी होती नेमकं तिथे येऊन आपटलं. त्याचा वारा तिला पाठीला लागला. तिने एक हिसका दिला. लगेच दोन आले.

मैदान दोनशे पावलांचं. त्या दिवशी ते संपेना. वाटेत आत्याने आणखी चार वेळा विचारलं, चारही वेळा उत्तर आलं. मावशी मागे आहेत म्हणून मी चालले, असं ती अजूनही म्हणते. नाहीतर तिथेच फतकल मारून बसले असते.

मोठ्या शाळेचं दार हेडमास्तर आणि शिपाई दोघांनी मिळून धरून ठेवलं होतं. आत्या आत शिरली, वळली आणि एकेक डोकं मोजून आत घेतलं. नऊ, दहा, अकरा. बारावा उंदीर. दोन्ही मुठी शेवटच्या गाठीवर घट्ट.

त्याच्या मागे मावशी यायला हव्या होत्या.

दोरी होती. उंदराच्या मुठीमागे उरलेली दोरी दारातून बाहेर धुळीत गेली होती. लोंबत नव्हती, फरफटत नव्हती. कमरेच्या उंचीवर... ताठ.

"मावशी, या ना आत," आत्या म्हणाली.

कोणी आलं नाही.

वाऱ्याचा असा लोट आला की दार दोघांच्या हातून निसटलं आणि धाडकन बंद झालं. दोरी फटीत अडकली. वीस मिनिटं कोणालाच ते उघडता आलं नाही. उघडलं तेव्हा बाहेर सगळं शांत होतं आणि दोरीचं टोक पायरीवर पडलेलं होतं. फास मनगटाएवढाच, गाठ न सुटलेली.

मावशी सापडल्या बालवाडीच्या दारात. भिंतीखाली.

उंदराला आणायला आत जाताना त्यांनी मनगटातला फास काढून उंबऱ्यावर ठेवला होता. हे अकराव्या गाठीच्या पोराने पाहिलं होतं. म्हणजे दोरीचं टोक त्यांच्या हातात नव्हतंच.

"मावशी कधी गेल्या हो? म्हणजे... रांग निघाल्यावर की आधी?" आत्याने हेडमास्तरांना विचारलं. दार धरायला खाली धावण्याआधी ते वरच्या मजल्यावरून बघत होते. धूळ मध्येच फाटली तेव्हा त्यांना दिसलं होतं.

"भिंत आधी पडली, बाई. तुमची रांग तेव्हा जागेवर उभी होती. नंतर हलली."

उंदराला आत्याने मांडीवर घेऊन विचारलं.

"मावशीने मला दाराबाहेर ढकललं. गाठ हातात दिली."

"मग?"

"मग मोठ्ठा आवाज झाला."

"मग रे?"

"मग मावशी आली."

चार वर्षांचं पोर. त्याला कोण शिकवणार असं बोलायला?

चौथ्या दिवशी मावशींची मुलगी सामान न्यायला आली. सामान ते काय, एक डबा, एक कंगवा, चपलांचा जोड. जाताना तिने दारात थांबून विचारलं, "बाई, आई शेवटचं काय म्हणाली?"

आत्याने डबा तिच्या हातात दिला. "सगळे आहेत म्हणाल्या," ती म्हणाली.

मुलीने मान हलवली. तिला ते पुरलं असावं. आत्याला नाही पुरलं. घरी आली आणि माझ्या बाबांपुढे बसून ढसाढसा रडली. "दादा, खोटं बोलल्या रे त्या मला. आहेत, चला म्हणाल्या, आणि स्वतःच नव्हत्या. मी मागे वळू नये म्हणून."

वळली असती तर छप्पर तेराही जणांवर आलं असतं. हे तिला सगळ्यांनी सांगितलं. तिलाही कळत होतं. कळून काय उपयोग, ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

खोली पुन्हा बांधली. नवीन मदतनीस आली, तरुण, हसरी मुलगी. दोरी मात्र तीच. चार महिने सुरळीत गेले.

मग एका दुपारी वारा सुटला. फार नाही, कागद उडतील एवढाच. रांग मैदानाच्या मध्यावर होती. आत्याने सवयीने एक हिसका दिला. मागून दोन आले.

पहिला जोरात... दुसरा त्याहून जोरात.

"बाई, जरा थांबा हं," नवी मदतनीस म्हणाली. आवाज मागून नाही, बाजूने आला. ती तिसऱ्या गाठीच्या पोराच्या बुटाची नाडी बांधत बसली होती. टोक तिने केव्हाच सोडलं होतं.

आत्याने मागे पाहिलं नाही. पण त्या क्षणी तिला आठवलं. त्या मंगळवारी दार बंद झालं, गडबड झाली, आणि तिने तीन हिसके दिलेच नव्हते. संध्याकाळी हे तिने बाबांना सांगितलं.

"मी त्यांना सोडा म्हटलंच नाही, दादा. त्या अजून धरून उभ्या आहेत."

बाबा म्हणाले, "मग म्हण आता."

आत्या म्हणाली, "म्हटलं तर जातील ना."

आणि नाहीच म्हटलं तिने. नऊ वर्षं. वारा असला की एक हिसका द्यायची, दोन यायचे, डोळे पुसून पुढे चालायची. मावशींना ताटकळत ठेवलंय हे तिला दिवसरात्र खात होतं, आणि तरी तिचा हात तीनपर्यंत जात नव्हता. मी तिला एकदा रागाने बोललेसुद्धा, की हे बरं नाही. "मला माहीत आहे," एवढंच म्हणाली.

मागच्या वर्षी ती निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी सामान आणायला मी गेले होते. संध्याकाळचे पाच, लख्ख ऊन, वारा अजिबात नाही. नव्या बाई प्लास्टिकच्या कड्यांची दोरी आणणार होत्या. जुनी आत्याने मागून घेतली.

"चल, एक काम राहिलंय," ती म्हणाली.

तिने मागचं टोक बालवाडीच्या उंबऱ्यावर ठेवलं, दोरी मैदानात पसरली आणि पुढचं टोक मनगटात घालून उभी राहिली. उंबऱ्याकडे पाठ करून. मी बाजूला. मला दोन्ही टोकं दिसत होती.

तिने एक हिसका दिला.

दोरीचं मागचं टोक... जमिनीवरून उठलं. हळूहळू कमरेपर्यंत आलं आणि थांबलं.

दोन हिसके.

मला ओरडायचं होतं, तोंड उघडलंच नाही.

"मावशी, पोचली हो सगळी," आत्या समोर बघत म्हणाली. "उंदीर सातवीत गेला. आता टेबलाखाली मावतसुद्धा नाही." मग तिने हिसके दिले. एक. दोन. तिसरा इतका हलका होता की तो हिसका झाला का, मला कळेना. "सोडा आता."

दोरी खाली आली नाही.

आम्ही वाट बघितली.

मग मागून... एक हिसका.

एकच. तो तर पुढच्याने विचारायचा. मागून तो कधीच, एकदाही आला नव्हता.

सगळे आहेत ना?

आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग समोर. आणि दोन हिसके दिले. पहिला जोरात, दुसरा त्याहून जोरात.

दोरी खाली आली. पडली नाही. कोणीतरी वाकून ठेवावी तशी उंबऱ्यावर टेकली.

आता ती आमच्या घरी खुंटीला आहे. वारा सुटला की मी त्या खोलीत जात नाही. सुटलं सगळं, असं मी स्वतःला सांगते, पण हात लावून बघायची छाती झालेली नाही.

त्या संध्याकाळी घरी येताना आत्या फाटकाशी थांबली. दोरीचं भेंडोळं छातीशी धरलेलं.

"खोटं बोलले गं मी," ती म्हणाली.

"काय?"

"सगळे आहेत म्हटलं."